अठरा तासांमागची शिस्त

१४ एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. परमपूज्य बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही रीत आम्हांला मोलाची वाटते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतींपुढे नाचणाऱ्या गर्दीपेक्षा पुस्तकासमोर बसलेले एक मूल हे त्यांचे अधिक खरे स्मारक होय. तथापि अनेक वर्षे वर्गात उभे राहिल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. अठरा हा आकडा कित्येक विद्यार्थ्यांच्या मनावर ओझे होऊन बसतो. सहा तासांनी ज्याचे डोळे मिटू लागतात, तो स्वतःला बाबासाहेबांचे नाव घेण्यास अपात्र समजू लागतो. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या मनात ही अपराधी भावना फार खोल जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही बाबासाहेबांचे चरित्र एका वेगळ्या प्रश्नाच्या उजेडात पाहू इच्छितो. एवढे प्रचंड काम अंगावर असताना त्यांनी आपला वेळ आणि आपले मन कसे सांभाळले?

या शिस्तीचा आरंभ परळच्या चाळीतील एका खोलीत झाला. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मोठे कुटुंब, चुलीचा धूर, भांडीकुंडी आणि माणसांची वर्दळ त्या एकाच खोलीत असे. अभ्यासाला स्वतंत्र जागा मिळणे अशक्यच होते. रामजींनी त्यावर तोड काढली. भीमरावाला ते लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्यानंतर स्वतः आडवे होत. जागा वाढविता येत नव्हती, तेव्हा वेळ बदलली. ज्या घटकेला घर निजलेले असे, ती घटका अभ्यासाची ठरली. येथे एक बाब विसरता कामा नये. मुलाची झोप तोडलेली नव्हती, ती रात्रीच्या पहिल्या भागात हलविलेली होती. शिवाय त्या वेळापत्रकाचा भार मुलाने एकट्याने वाहिला नाही. एक वृद्ध होत चाललेला बाप त्यासाठी रोज जागत होता. दिवसा घरात जागा नसे तेव्हा भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले.

१९१२ साली ते बी.ए. झाले. पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, रामजी निवर्तले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीला मुदत होती, त्यामुळे प्रत्येक महिना मोजलेला होता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेच्या उगमाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले, परंतु १९१७ मध्ये मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेले सामान महायुद्धातील पाणतीराच्या माऱ्याने बुडाले आणि परदेशात उपाशी राहून जमविलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली. त्यातच बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना अपमानित करून बाहेर काढण्यात आले.

कोणतेही मन मोडून पडावे असाच हा काळ होता. या काळातील त्यांची कृती आम्हांला विशेष अभ्यसनीय वाटते. लंडनचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू करण्यासाठी विद्यापीठाने त्यांना चार वर्षांची सवलत दिलेली होती. त्यांनी आपले सारे दुःख या एका मुदतीच्या चौकटीत बसविले. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी वेतनातून पैसा साठविला. घरखर्च रमाईंच्या काटकसरीवर सोपविला. उरलेली रक्कम नवल भथेना या मित्राकडून उसनी घेतली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. समोर डोंगर असताना माणूस घाबरतो तो बहुधा डोंगराच्या उंचीला नव्हे, तर पहिले पाऊल कोठे टाकावे हे न कळण्याला. बाबासाहेबांनी डोंगराचे टप्पे पाडले होते.

लंडनमधील त्यांचा दिवस चरित्रकारांनी तपशीलवार नोंदविला आहे. सकाळी तुटपुंजी न्याहारी करून ते चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. दार उघडताच आत शिरावे आणि बंद होण्याच्या वेळी बाहेर पडावे, असा नेम होता. दुपारचे जेवण नसे, कारण त्यासाठी पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. सायंकाळी खोलीवर येऊन थोडे खावे, पुन्हा वाचावयास बसावे आणि रात्री भूक अनावर झाली की भाजलेले पापड आणि दूध यांवर भागवावे. या दिवसात निवड करण्याची गरज जवळजवळ उरलेलीच नव्हती. कोठे बसावयाचे, केव्हा उठावयाचे आणि काय वाचावयाचे हे आधीच ठरलेले असे. मनाची जी शक्ती रोजच्या घालमेलीत वाया जाते, ती त्यांची वाचनाकडे वळलेली होती. १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांच्या आक्षेपांमुळे पुन्हा लिहावा लागला. तोवर पैसा संपला होता. १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी प्रबंधाची नव्याने मांडणी करून तो धाडला आणि त्याच वर्षी पदवी मिळविली. परत आलेला कागद म्हणजे आपल्यावरील निकाल नव्हे, ते उरलेले काम आहे, एवढे त्यांनी जाणले होते.

सार्वजनिक जीवनात पडल्यावर कामाची जात बदलली. वकिली, अध्यापन, सभा, सत्याग्रह, वृत्तपत्र आणि दारात येणारी गांजलेली माणसे असे सारे एकाच दिवसात येऊ लागले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. परळच्या खोलीत शिकलेल्या माणसाला विद्यार्थ्याची पहिली गरज नेमकी ठाऊक होती. ती गरज शांत जागेची आणि ठरलेल्या वेळेची होती. १९२७ मध्ये महाडचा संग्राम चालू असतानाच ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातील बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत होते.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. त्यांच्या लेखनाची एक पद्धत त्यांच्या पश्चात जगापुढे आली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रसिद्ध करावयास घेतले, तेव्हा संपादकांना अनेक अपूर्ण ग्रंथांची हस्तलिखिते आढळली. त्यांपैकी काहींची अनुक्रमणिका आधीच तयार केलेली होती. ग्रंथाचा आराखडा प्रथम, मग त्यातील जे प्रकरण साधेल ते, असा क्रम त्यावरून दिसतो. आजच्या भाषेत ज्याला कार्यव्यवस्थापन म्हणतात, ते याहून फार निराळे नाही. सगळा भार डोक्यात वाहावयाचा नाही, तो कागदावर उतरवावयाचा आणि हाती एक वेळी एकच प्रकरण घ्यावयाचे.

या पद्धतीची सर्वांत कठीण परीक्षा घटनानिर्मितीच्या काळात झाली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. काही सदस्य आजारपणामुळे वा अन्य कारणांनी अनुपस्थित राहिल्याने कामाचा मोठा भार त्यांच्यावर आला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेक अनुच्छेद घेऊन ते सभागृहात उत्तरे देत राहिले आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले.

येथवर सांगून थांबणे सोपे होते, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तसे थांबता येत नाही. या सर्व वर्षांत एक खाते सतत तोट्यात चालले होते आणि ते शरीराचे होते. लंडनची उपासमार, वर्षानुवर्षांची जागरणे आणि विश्रांतीचा अभाव यांनी प्रकृती खचली. मधुमेहाने आणि पायांतील वेदनांनी त्यांना ग्रासले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. सविता यांच्याशी विवाह झाल्यावर पथ्य आणि औषधे यांना घरात नियमितपणा आला. उत्तर आयुष्यात ते व्हायोलिन शिकत होते, बागेत रमत होते. परंतु तोवर फार उशीर झाला होता. दिल्लीत सरकारी नोकरी सांभाळून नानकचंद रत्तू त्यांचे टंकलेखन करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकाची पाने बाबासाहेबांनी जवळ ठेवून घेतली होती. ६ डिसेंबरला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तो ग्रंथ छापून आलेला पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांना आणखी दहा वर्षे लाभती तर ती अपूर्ण हस्तलिखिते पूर्ण झाली असती, ही हळहळ आम्हांला अजून सोडीत नाही.

त्यांनी हे स्वेच्छेने पत्करले, कारण कोट्यवधी माणसांना थांबावयास वेळ नव्हता. त्यांनी उपास सोसला तो आपल्या मुलांना सोसावा लागू नये म्हणून. मग त्यांच्या उपासाचेच अनुकरण करणे ही त्यांची भक्ती होईल, अनुसरण होणार नाही. आणि भक्तीविषयी त्यांचे मत काय होते हे आपण सर्व जाणतो. त्यांनी आपल्याला ज्या धम्माच्या वाटेवर आणले, ती वाट मध्यम मार्गाची आहे. सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करीत होता आणि फळ मिळत नाही म्हणून निराश झाला होता. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर ती वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. प्रयत्न करू नये असा त्याचा अर्थ नव्हे. वीर्य हे धम्मात बलच मानले आहे, फक्त ते समतोल हवे.

म्हणून आमच्या निवासी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे आहे. वर्षातून एक दिवस अठरा तास जरूर बसा, तो संकल्पाचा दिवस आहे. उरलेल्या दिवसांसाठी मात्र बाबासाहेबांकडून तास घेण्याऐवजी मांडणी घ्या. अभ्यासाची वेळ आणि जागा ठरवून ठेवा. मोठ्या विषयाची अनुक्रमणिका आधी कागदावर उतरवा आणि आज तिच्यातील एकच प्रकरण हाती घ्या. उत्तरपत्रिकेवर लाल खुणा आल्या तर रुपयाचा प्रबंध आठवा. झोप आणि जेवण वेळापत्रकात प्रथम लिहा. ओझे असह्य झाले तर ते एकट्याने वाहू नका, शिक्षकांना किंवा गृहप्रमुखांना सांगा. रामजी जागले, रमाईंनी संसार ओढला, रत्तू टंकलेखनास बसले, तेव्हा बाबासाहेबांचे काम उभे राहिले. तुमच्यासाठी जागणारी माणसे या वसतिगृहातही आहेत. त्यांच्या जागण्याचे चीज तुमच्या शिकण्यात आहे, आणि तुमच्या सुदृढ, दीर्घ आयुष्यातही आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!