देशाचा हिशेब मांडणारा माणूस

रात्री घरात निजानीज झाली, की वही काढून दिवसाचा खर्च लिहायची आपल्यापैकी पुष्कळ जणींना सवय असते. दूध किती, भाजी किती, किराणावाल्याचं किती द्यायचं राहिलं... महिनाअखेरीला बेरीज केली, की घर कुठं चाललंय ते कळतं. मग अख्ख्या देशाची अशी वही कोणी लिहीत असेल का? लिहितात ना! बजेटच्या दिवसांत टीव्हीवर जीडीपी, जीडीपी म्हणून जो घोष चालतो, तो याच वहीतला आकडा. ही वही नीट कशी लिहायची हे ज्यांनी दाखवून दिलं, त्यांत सायमन कुझनेट्स हे फार मोठं नाव. आणि मैत्रिणींनो, आपण दिवसभर घरात राबतो ते या वहीत का नाही, याचं उत्तरही त्यांच्याच गोष्टीत सापडतं.

सायमनचा जन्म ३० एप्रिल १९०१ चा, पिन्स्क या गावचा. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज बेलारूस देशात आहे. कुटुंब ज्यू. तीन भावांत हा मधला. कुझनेट्स या आडनावाचा अर्थ लोहार. वडील आधीच अमेरिकेला गेले आणि तिथं त्यांनी स्मिथ असं नाव घेतलं. त्याचाही अर्थ लोहारच! इकडे मुलांच्या वाट्याला पहिलं महायुद्ध, क्रांती आणि यादवी आली. अशा धामधुमीतही सायमन खारकोव्ह शहरात व्यापारशास्त्र शिकला. कामगार संघटनांच्या कचेरीत आकडेवारीचं काम करू लागला. त्याचा पहिला छापील लेख होता खारकोव्हच्या कामगारांच्या मजुरीवर. म्हणजे विशीतच हा मुलगा लोकांच्या हातात किती पैसा पडतो, ते मोजत होता.

१९२२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो अमेरिकेला पोचला. देश नवा, भाषा परकी. पण चारच वर्षांत त्यानं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतली आणि डॉक्टरेटही मिळवली. वडिलांचं स्मिथ हे नाव मधे ठेवलं, आडनाव मात्र कुझनेट्सच राहू दिलं. वेस्ली मिचेल हे त्याचे गुरू. आधी आकडे गोळा करा, मग बोला, ही त्यांची शिस्त त्यानं जन्मभर पाळली. १९२७ पासून तो एका नामवंत आर्थिक संशोधन संस्थेत काम करू लागला. १९२९ मध्ये एडिथ हँडलर यांच्याशी लग्न झालं. पुढं एक मुलगा, एक मुलगी असा संसार मार्गी लागला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणंही सुरू झालं.

पण १९२९ हेच वर्ष अमेरिकेला फार वाईट गेलं. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि देशाचं नेमकं किती नुकसान झालं, हे सरकारलाच ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या वाघिणी किती भरल्या, शेअरचे भाव काय, अशा तुटक आकड्यांवर सारा कारभार चालला होता. शेवटी १९३२ मध्ये तिथल्या सिनेटनं ठराव केला, की देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडा. हे काम आलं कुझनेट्स यांच्याकडे. हाताशी माणसं थोडी, कागद विखुरलेले. तरी जानेवारी १९३४ मध्ये अहवाल तयार झाला. तीन वर्षांत देशाचं उत्पन्न निम्म्याहून जास्त घसरलं होतं!

आता खरी गोष्ट. या अहवालात त्यांनी काय धरलं नाही, तेही उघड सांगितलं होतं. त्या यादीत ठळक होतं गृहिणीचं काम. या कामाची किंमत खूप मोठी आहे हे त्यांना मान्य होतं. पण ते बाजारात विकलं जात नाही, त्याचा पगार निघत नाही, म्हणून ते मोजायला भरवशाचं साधन हाताशी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय नुसत्या राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांच्या सुखाचा अंदाज बांधू नका, असा इशाराही त्यांनी दिला होता.

योगायोग असा, की त्याच १९३४ साली मार्गारेट रीड यांचं घरातल्या उत्पादनाच्या अर्थशास्त्रावरचं पुस्तक आलं. याही बाहेरून अमेरिकेत आलेल्या, मूळच्या कॅनडाच्या. त्यांनी साधी कसोटी दिली. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते घरच्या बाईनं केलं तरी ते उत्पादक कामच! पुढं कुझनेट्स यांनीही १९४१ च्या ग्रंथात अंदाज बांधून पाहिला. १९२९ मधल्या गृहिणींच्या कामाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश निघाली. रुपयामागे चार आणे! तरीही तो आकडा मुख्य बेरजेत गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात देश किती लष्करी सामान बनवू शकेल, याचा हिशेब करायला सरकारनं त्यांना बोलावलं. पण युद्ध संपल्यावर सरकारी पद्धतीशी त्यांचे मतभेद झाले. तोफा-दारूगोळ्याचा खर्च आणि लोकांच्या पोटात जाणारं अन्न एकाच मापानं मोजू नये, असं त्यांना वाटे. सरकारनं आकडे वापरले, त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९४९ मध्ये भारत सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. या समितीच्या परदेशी सल्लागारांत कुझनेट्स होते.

१९५४ मध्ये एका भाषणात त्यांनी विचार मांडला, की देश श्रीमंत होऊ लागला की विषमता आधी वाढते, मग कमी होते. यात पुरावा थोडा आणि तर्कच जास्त आहे, हेही त्यांनी स्वतःच कबूल केलं. लोकांनी विचार उचलला, कबुली विसरले! पुढं जॉन्स हॉपकिन्स आणि हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनी शिकवलं. १९७१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ८ जुलै १९८५ रोजी त्यांचं निधन झालं.

हिशेबाची ती रीत मात्र आजही चालू आहे. घरच्या म्हशीचं दूध घरीच प्यायलं, तरी त्याची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. तेच दूध तापवणं, पोरांना देणं आणि मग पातेलं घासणं... याची किंमत शून्य. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी राबतात, असं दिसलं. म्हणजे पावणेपाच तासांच्याही वर. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटं होती ८८, दीड ताससुद्धा नाही.

कुझनेट्स यांनी आपलं काम वहीत धरलं नाही, हे खरंच. पण काय राहून गेलंय ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. ती नोंद विसरली गेली, ती नंतरच्यांकडून. तेव्हा आज रात्री खर्चाची वही काढाल, तेव्हा एक ओळ जास्तीची लिहा. आज किती तास काम केलं? महिनाअखेरीला पैशांच्या बेरजेबरोबर तासांचीही बेरीज करा, आणि ते पान घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या.