सर टॉमस बाउच

टॉमस बाउच यांचा जन्म इंग्लंडांतील कंबरलंड परगण्यांत सन १८२२ मध्यें झाला. मालाचे डबे रुळांवरून थेट आगबोटींत चढवून फोर्थची खाडी ओलांडण्याची सोय त्यांनीं १८५० त केली. थोड्या खर्चांत रेल्वे बांधून देणारे इंजिनियर असा त्यांचा लौकिक झाला. स्कॉटलंडांत डंडी शहराजवळ टे नदीवर त्यांनीं बांधलेला सुमारें दोन मैल लांबीचा पूल १८७८ त खुला झाला, व पुढील वर्षीं महाराणी व्हिक्टोरिया यांनीं त्यांस 'सर' हा किताब दिला.

त्याच वर्षीं, ता. २८ डिसेंबरच्या रविवारीं सायंकाळीं, वादळांत पुलाचा मधला उंच भाग आगगाडीसह नदींत कोसळला. गाडींतील सुमारें पाऊणशें माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

चौकशींत निघालें तें आमच्या विद्यार्थ्यांनीं सावकाश वाचावें. आराखडा करतांना वाऱ्याच्या जोराचा खास हिशेब धरलाच नव्हता. बिडाच्या खांबांतील पोकळ्या मेण, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या लुकणानें बुजविल्या होत्या. पुढें पुलाच्या देखरेखीस नेमलेला मनुष्य मूळचा गवंडी. खांबांमधील तिरप्या लोखंडी पट्ट्या सैल होऊन खडखडत, तेव्हां त्यानें बाउच यांस न कळवितां पाचरी ठोकल्या.

लबाडी ओतशाळेची, शिक्षा मात्र बाउच यांस, असें कोणी म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यांनीं पूल बांधल्याचा मान घेतला, त्यांनीं ते खांब स्वतः तपासावयास नको होते काय?

फोर्थवरील पुलाचा त्यांचा आराखडा टाकून देण्यांत आला. ता. ३० ऑक्टोबर १८८० रोजीं ते मोफट येथें वारले. टे नदीवर १८८७ त नवा पूल झाला. त्याच्या शेजारीं जुन्या खांबांचे बुंधे पाण्यांत अजून दिसतात.