शेंगदाण्यांचा शास्त्रज्ञ

तूर, मूग, मसूर, हरभरा, चवळी ही नावे तुम्हांला माहीत आहेत. यांपैकी काहीतरी आपल्या घरी नेहमी शिजते. या सर्वांना शेंगा लागतात. भुईमूगही याच कुळातला. फक्त त्याच्या शेंगा जमिनीखाली वाढतात. या साध्या शेंगांचे मोल अमेरिकेतील गरीब शेतकऱ्यांना एका शास्त्रज्ञाने पटवून दिले. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात झाला. नक्की तारीख कोणालाच ठाऊक नाही. त्याची आई गुलाम होती. गुलामांच्या मुलांची नोंद कोण ठेवणार? तो तान्हा असताना लुटारूंनी त्याला आईसह पळवून नेले. मालकाने माणूस पाठवून शोध घेतला. बाळ सापडले, आई मात्र कधीच सापडली नाही. १८६५ साली गुलामगिरी संपली. पोरक्या जॉर्जला मालक मोझेस कार्व्हर व त्यांच्या पत्नीने घरीच वाढवले.

जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता. शेतातील जड कामे त्याला झेपत नसत. तो झाडाझुडपांत रमे. जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून तो लहानपणीच घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला गेला. लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकला. पुढे एका कॉलेजने त्याला पत्राने प्रवेश दिला. पण तो तेथे पोहोचताच त्याचा रंग पाहून दार बंद केले. जॉर्जने धीर सोडला नाही. अखेर आयोवा राज्यातील शेतकी महाविद्यालयातून १८९४ साली तो पदवीधर झाला. १८९६ साली त्याने पुढची पदवीही मिळवली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील शाळेत शिकवायला गेले. तेथे त्यांनी काय पाहिले? वर्षानुवर्षे फक्त कापूस पिकवून जमीन निकस झाली होती. शेतकरी कर्जात बुडाले होते. त्यांच्या ताटात मक्याची भाकरी, खारवलेले चरबीचे मांस आणि काकवी एवढेच असे. जमीन उपाशी होती आणि माणसेही अर्धपोटी होती.

कार्व्हर यांनी दोघांवर एकच उपाय सुचवला. शेंगांच्या झाडांच्या मुळांवर लहान गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र घेऊन झाडाला देतात. पीक निघाल्यावर मुळे व पाला मातीत गाडला, की तो नत्र जमिनीला मिळतो. म्हणून कापसानंतर चवळी किंवा भुईमूग लावा, असे ते सांगत. आणि त्याचे दाणे खा! शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. शरीराची वाढ आणि झीज भरून येणे प्रथिनांवर अवलंबून असते. मांस, दूध, अंडी ज्याला परवडत नाहीत, त्याला डाळी आणि शेंगदाणे आधार देतात.

पण सांगून कोण ऐकणार? ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी कार्व्हर यांनी एका गाडीचा आराखडा केला. १९०६ पासून अवजारे व बियाणे घेऊन ही गाडी गावोगाव फिरू लागली. वाचता येणाऱ्यांसाठी त्यांनी सोप्या पुस्तिका लिहिल्या. १९१६ सालच्या पुस्तिकेत शेंगदाण्यांचे १०५ पदार्थ दिले होते. त्यांत सूप, पाव, बिस्किटे असे कितीतरी प्रकार होते. पुढे कापसावर सोंडकिडीने धाड घातली, तेव्हा भुईमूग अनेकांच्या कामी आला.

१९२१ साली कार्व्हर अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला उभे राहिले. त्यांना दहाच मिनिटे मिळाली होती. सुरुवातीला काही सदस्यांनी थट्टा केली. पण ऐकता ऐकता ते रंगून गेले आणि त्यांनी वेळ वाढवून दिला. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनीच शोधले, असे पुष्कळजण सांगतात. ते खरे नाही. ते आधीपासूनच होते. त्यांचे खरे काम मोठे होते. प्रयोगशाळेतील ज्ञान त्यांनी गरिबाच्या शेतात आणि चुलीपर्यंत नेले.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. ज्या मुलाला शाळेचे दार बंद होते, त्याने हजारोंना शिकवले. मुलांनो, आज घरी ताटात डाळ वाढली जाईल, तेव्हा ती साधी म्हणून बाजूला सारू नका.