टेबलावर बदललेला बेत

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातील कर्करोगाची शस्त्रक्रिया आजही ‘व्हिपल’ याच नावाने ओळखली जाते. डॉ. ॲलन व्हिपल यांचा जन्म १८८१ साली इराणमधील उर्मिया येथे, अमेरिकन मिशनरी कुटुंबात झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत दोन टप्प्यांची होती. काविळीच्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नाही, म्हणून आधी पित्ताला वाट करून द्यायची आणि गाठ नंतर काढायची.

मार्च १९४० मध्ये पाहुण्या सर्जनांसमोर ते जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करत होते. जठर कापल्यावर कळले, की गाठ तिथे नाहीच, ती स्वादुपिंडात आहे! मागे फिरणे अवघड होते. सुदैवाने रुग्णाला कावीळ नव्हती. व्हिपल यांनी तिथल्या तिथे बेत बदलला आणि सारे एकाच टप्प्यात पार पाडले. त्या रुग्णाला पुढे सुमारे ९ वर्षांचे आयुष्य मिळाले. नंतर के जीवनसत्त्वामुळे रक्तस्रावाची भीती कमी झाली आणि एका टप्प्याची पद्धत रूढ झाली.

हीच शस्त्रक्रिया आता रोबोटच्या साहाय्याने छोट्या छिद्रांतूनही होते. पण गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली निघाली किंवा रक्तस्राव आवरेना, तर रोबोट बाजूला करून पोट उघडावे लागते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना ते अपयश वाटते. संमतीपत्रावर सही घेतानाच ही शक्यता त्यांना नीट समजावून सांगायला हवी.

व्हिपल यांनी अशा ३७ शस्त्रक्रिया केल्या. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.