थॅलियमचा शोध लावणारे सर विल्यम क्रूक्स

थॅलियम या अत्यंत विषारी धातूचा शोध लावणारे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम क्रूक्स यांचा जन्म १७ जून १८३२ रोजी लंडन येथे एका शिंप्याच्या कुटुंबात झाला. रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमधील शिक्षणानंतर त्यांनी १८५९ मध्ये 'केमिकल न्यूज' हे नियतकालिक सुरू केले.

१८६१ मध्ये जर्मनीतील गंधकाम्ल निर्मितीतून उरलेल्या गाळात ते टेल्युरियमचा शोध घेत होते. त्या वेळी वर्णपटात त्यांना एक तेजस्वी हिरवी रेषा दिसली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. कोवळ्या हिरव्या अंकुराच्या ग्रीक नावावरून त्यांनी नव्या मूलद्रव्याला थॅलियम हे नाव दिले. १८६२ मध्ये फ्रान्सचे क्लोद-ओग्युस्त लामी यांनी या धातूची लगड तयार केली आणि श्रेयाचा वाद उभा राहिला. १८६३ मध्ये क्रूक्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

आवर्त सारणीत पारा आणि शिसे यांच्या मध्ये बसणारा हा धातू त्या दोघांसारखाच घातक आहे. त्याचे क्षार रंगहीन, गंधहीन, जवळजवळ बेचव असतात आणि त्यांतील अनेक पाण्यात सहज विरघळतात. पोटॅशियमशी असलेल्या साम्यामुळे ते पेशींत शिरतात, मज्जातंतूंना इजा करतात आणि केस गळतात. तरीही डोक्यावरील नायट्याच्या उपचारात केस काढण्यासाठी आणि पुढे उंदीरनाशक म्हणून त्यांचा वापर झाला. त्यातून अनेकांचे प्राण गेले. अमेरिकेने १९७२ मध्ये असे उंदीरनाशक बंद केले. प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य या विषबाधेवर उतारा ठरले, तर किरणोत्सारी थॅलियम-२०१ हृदयाच्या तपासणीसाठी उपयोगी पडले.

१८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना मिळालेला वायू हेलियमच असल्याचे क्रूक्स यांनी वर्णपटावरून निश्चित केले. याच रॅमझी यांनी पुढे जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी बेंगळुरूची शिफारस केली. १९०९ मध्ये तेथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. प्रकाशाच्या विकिरणाच्या अभ्यासासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे चंद्रशेखर व्यंकट रमण १९३३ मध्ये तिचे संचालक झाले.

क्रूक्स यांचे ४ एप्रिल १९१९ रोजी लंडनमध्ये निधन झाले. जे विष डोळ्यांना, नाकाला वा जिभेला कळत नाही, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळा आजही वर्णपटाच्या साहाय्याने ओळखू शकतात.