तळघरातला दवाखाना

गल्लीच्या कोपऱ्यावर पाय मोडलेले कुत्रे कण्हत पडलेले असते. येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, हळहळतात. कुणी बिस्किट टाकतो, कुणी वाटीभर पाणी आणून ठेवतो आणि मग ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. यात कुणाचेही मन वाईट नसते. पुढे करायचे काय, न्यायचे कुठे आणि पैसे कोण देणार, हे ठाऊक नसते इतकेच. हळहळ आणि मदत यांच्यामधले हे अंतर ओलांडायला एक जागा लागते, औषधांची पेटी लागते आणि ठरल्या वेळी रोज दार उघडणारे माणूस लागते. लंडनमधल्या एका बाईने ऐन महायुद्धात हे सारे जमवून आणले. तिचे नाव मारिया डिकिन.

मुक्या प्राण्यांसाठी धडपडणाऱ्या माणसांचा विषय निघाला की मला हटकून या बाईंची आठवण होते. कनवाळू माणसे जगात पुष्कळ होऊन गेली; पण कनवाळूपणाचा संसार कसा चालवायचा, हे डिकिनबाईंकडून शिकावे.

पाद्र्याची थोरली लेक

मारियाचा जन्म २२ सप्टेंबर १८७० रोजी लंडनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक. घरात आठ भावंडे आणि ही सर्वांत थोरली. अशा घरातल्या थोरल्या मुलीला जबाबदारी काय असते, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्या काळी बऱ्या घरातल्या मुलींनी पैसे मिळवणे फारसे शिष्टसंमत नव्हते. तरीही मारियाने आवाजाची तालीम देणारा स्वतःचा वर्ग काढला, तोही विंपोल स्ट्रीटसारख्या प्रतिष्ठित वस्तीत.

१८९९ मध्ये नात्यातल्याच अर्नोल्ड डिकिन यांच्याशी तिचे लग्न झाले. ते हिशेबनीस होते, घरची स्थिती उत्तम होती. रिवाजाप्रमाणे लग्नानंतर बाईंचा वर्ग बंद झाला. मूलबाळ नव्हते. घर सजवणे आणि पाहुण्यांची सरबराई करणे यात दिवस जात होते, पण हातांना काम हवे होते. मग त्या काळातल्या अनेक सुखवस्तू स्त्रियांप्रमाणे बाई लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्त्यांत मदतीसाठी जाऊ लागल्या.

तिथली माणसांची दैना पाहण्याची मनाची तयारी करून त्या गेल्या होत्या. जनावरांची दैना मात्र त्यांना अनपेक्षित होती. उकिरड्यावर अन्न शोधणारी खरजेली कुत्री, जखमी मांजरे, ओझ्याखाली लंगडणारी गाढवे आणि घोडी. बाईंच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या जनावरांचे धनी दुष्ट नव्हते. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याचे गाढव लंगडू लागले की त्याच्या घरची चूल थंडावत असे. जनावराला बरे वाटावे अशी इच्छा मालकाला होतीच; पशुवैद्याची फी तेवढी त्याच्या खिशात नव्हती.

मला वाटते, डिकिनबाईंचे मोठेपण या निरीक्षणात आहे. प्राण्यांचा कळवळा असणारी माणसे पुष्कळदा त्यांच्या मालकांवर संतापतात, आणि संतापाचे कारणही अनेकदा खरे असते. बाईंनी मात्र गरीब मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्याला मदतनीस मानले.

दार उघडले

१७ नोव्हेंबर १९१७. पहिले महायुद्ध चालू होते, लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकून जात होती, धान्याची टंचाई होती. माणसे मरत असताना कुत्र्या-मांजरांचे लाड कशाला, असे म्हणायला याहून सोयीचा काळ नव्हता! त्याच दिवशी व्हाइटचॅपल भागात, एका पाद्र्याने दिलेल्या तळघरात, डिकिनबाईंनी आजारी जनावरांसाठी लोकांचा दवाखाना उघडला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे तो ‘पीडीएसए’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बाहेर पाटी लावली होती. कोणतेही आजारी जनावर आणा, उपचाराला पैसे पडणार नाहीत, असा तिचा मतलब होता.

लोक आले, आणि इतके आले की जागा अपुरी पडू लागली. कुणाच्या हातात टोपलीतली मांजर, कुणाच्या मागे दोरीने बांधलेले गाढव, कुणा पोराच्या सदऱ्याआड ससा. काही काळातच मोठी जागा शोधावी लागली आणि एकामागून एक नवे दवाखाने निघू लागले.

ज्यांना दवाखान्यापर्यंत येणे जमत नाही त्यांच्यापर्यंत दवाखानाच न्यावा, असे बाईंनी ठरवले. १९२१ मध्ये त्यांच्या कल्पनेतून घोडागाडीवरचा फिरता दवाखाना तयार झाला. पुढे मोटारगाड्या आल्या. १९२८ मध्ये लंडनजवळ इलफर्ड इथे जनावरांसाठी मोठे रुग्णालय उभे राहिले.

पदवीचा वाद

काम वाढले तसा विरोधही वाढला. पशुवैद्यांच्या संस्थेचा आक्षेप असा, की दवाखान्यात उपचार करणारी माणसे पदवीधर नाहीत. हा आक्षेप केवळ धंद्याच्या मत्सरातून आला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अर्धवट माहितीच्या माणसाच्या हातून जनावराला इजा होऊ शकते, यात खोटे काय? पण पदवीधर वैद्य गरिबाच्या दारी येत नव्हता आणि गरीब त्याच्या दारी जाऊ शकत नव्हता, हेही तितकेच खरे होते. मधल्या काळात त्या लंगड्या गाढवाने करायचे काय?

बाई वादात मागे हटल्या नाहीत, पण आक्षेपातले सत्य त्यांनी झटकूनही टाकले नाही. आपल्या माणसांना शिकवून तयार करण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९४८ मध्ये कायद्याने पशुवैद्यकीवर बंधने आणली आणि पुढे संस्थेचे काम पदवीधर पशुवैद्यांच्या हाती गेले. भटक्या जनावरांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका लहानशा गटात मीही सुटीच्या दिवशी हातभार लावतो. तिथे हा प्रश्न आजही आठवड्याला एकदा तरी उभा राहतो. मलमपट्टी आपण करायची की डॉक्टरची वाट पाहायची? उत्साह आणि ज्ञान यांची सांगड घातल्याशिवाय असे काम टिकत नाही, हे मला डिकिनबाईंच्या चरित्राने पटवले.

पैशांची अडचण तर कायमचीच. मोठे दाते हवेतच. पण बाईंनी मुलांनाही कामाला लावले. १९३४ मध्ये मुलांसाठी ‘बिझी बीज’, म्हणजे उद्योगी मधमाश्या, हे मंडळ निघाले. मुले जुनी तिकिटे आणि चंदेरी कागद गोळा करून संस्थेला पैसे मिळवून देत. आपल्या मुलांनीही जिच्या गोष्टी वाचल्या, त्या एनिड ब्लायटनने बाईंच्या पश्चात हे मंडळ सांभाळले.

युद्धातले दिवस

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध जाहीर झाले आणि लंडनमध्ये एक भयंकर गोष्ट घडली. बाँब पडतील, अन्न मिळणार नाही, घर सोडावे लागेल, या भीतीने हजारो कुटुंबांनी आपली कुत्री-मांजरे स्वतःहून मारण्यासाठी नेऊन दिली. काही दिवसांत लाखो प्राणी गेले. त्यांतल्या असंख्य प्राण्यांना इलफर्डच्या संस्थेच्या जागेतच मूठमाती मिळाली. ज्यांनी बावीस वर्षे जीव वाचवण्याचा ध्यास घेतला, त्यांच्याच अंगणात हे व्हावे!

पण दवाखाने बंद झाले नाहीत. लंडनवर खरोखर बाँब पडू लागले तेव्हा संस्थेची बचाव पथके ढिगाऱ्यांतून प्राणी बाहेर काढू लागली. या पथकांनी अडीच लाखांहून अधिक प्राण्यांना वाचवले, त्यांच्यावर उपचार केले. ‘ब्यूटी’ नावाची कुत्री एका पथकाच्या प्रमुखाबरोबर जात असे. एके दिवशी ती आपणहून ढिगारा उकरू लागली आणि खाली मांजर सापडले. तिने पुढे ६३ प्राणी शोधून दिले.

१९४३ मध्ये बाईंनी युद्धात शौर्य दाखवणाऱ्या प्राण्यांसाठी पदक सुरू केले. ‘डिकिन पदक’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. पहिले मानकरी होते तीन कबुतरे. १९४९ पर्यंत ५४ प्राण्यांना ते मिळाले: ३२ कबुतरे, १८ कुत्री, ३ घोडे आणि एकुलते एक मांजर, ‘सायमन’. यांगत्से नदीत तोफगोळ्यांनी घायाळ झालेल्या ब्रिटिश युद्धनौकेवरचे हे मांजर स्वतः जखमी असूनही उंदरांपासून धान्य राखत राहिले. पदक हाती पडण्याआधीच ते गेले.

दार उघडे राहिले

डिकिनबाईंचे १ मार्च १९५१ रोजी निधन झाले. त्यांची संस्था आजही ब्रिटनमध्ये रुग्णालये चालवते आणि ज्यांना खर्च झेपत नाही अशांच्या पाळीव प्राण्यांवर मोफत किंवा कमी खर्चात उपचार करते. हॅकनीतल्या त्यांच्या बालपणीच्या घरावर २०१५ मध्ये स्मृतिफलक लागला. २०२० मध्ये कंबोडियात भूसुरुंग हुडकणाऱ्या ‘मगावा’ नावाच्या उंदराला संस्थेने सुवर्णपदक दिले. ज्या पदकांच्या परंपरेत उंदरांशी झुंजणारे मांजर आहे, तिथे आता उंदीरही मानाने बसला आहे!

हे सारे परदेशातच घडते असे नाही. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय व्हाइटचॅपलच्या तळघरापेक्षाही जुने आहे. एकोणिसाव्या शतकापासून ते मुंबईच्या जनावरांना आधार देत आले आहे. आपल्या गावोगावी आज कॉलेजची मुले, निवृत्त माणसे आणि गृहिणी मिळून लहान लहान गट चालवतात. त्यांतले बरेचसे दोन-चार वर्षांत थकतात. पैसे संपतात, शेजारी भांडतात, रात्री-अपरात्री येणारे फोन नकोसे होतात.

अशा थकलेल्यांना डिकिनबाईंच्या आयुष्यातून एक साधी गोष्ट घेता येईल. जगातले प्रत्येक जनावर वाचवण्याचा पण त्यांनी केला नव्हता. एक दार ठरल्या वेळी उघडायचे आणि जो येईल त्याला परत पाठवायचे नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते. ते त्यांनी तेहतीस वर्षे पाळले.