नाथमाधव

सन १९०५ मधील गोष्ट. द्वारकानाथ माधवराव पितळे नावाचा एक तरुण सिंहगडावर शिकारीस गेला असता कड्यावरून खाली कोसळला. प्राण वाचले, परंतु कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. मुंबईत १८८२ साली जन्मलेल्या, ऐन तारुण्यातील त्या शिकाऱ्याला आता दोन पावले टाकणेही अशक्य झाले.

अंथरुणास खिळलेल्या पितळे यांनी ग्रंथांची संगत धरली. वाचता वाचता ते स्वतः लिहू लागले आणि १९०८ साली त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे ‘नाथमाधव’ या नावाने त्यांनी अनेक कादंबऱ्या लिहिल्या. ‘वीरधवल’मधील अद्भुत प्रसंग, ‘सोनेरी टोळी’तील ठकांच्या करामती आणि शिवकालीन कादंबऱ्यांतील मावळ्यांचा पराक्रम यांत वाचक तहानभूक विसरून रमत. परंतु केवळ करमणूक करून ते थांबले नाहीत. सामाजिक कादंबऱ्यांतून त्यांनी स्त्रीशिक्षणाचाही पुरस्कार केला.

१९२८ साली नाथमाधव निवर्तले. गडाच्या कड्याने त्यांचे चालणे हिरावून घेतले. पण त्यांनी आपल्या लेखणीच्या बळावर असंख्य वाचकांना शिवरायांच्या गडकोटांवरून हिंडवून आणले.